भुऱ्याचं पथ्य

“थांबा जी, त्याचं होऊ द्या.”

तिच्या दारात कुणीही गेलं की पहिलं वाक्य हेच. बसा म्हणणं नाही, पाणी विचारणं नाही. ओसरीवर पितळी ताट मांडलेलं, बाजूला पाण्याचा तांब्या, आणि ताटासमोर ती पाय पोटाशी घेऊन बसलेली. एक हात वर करून ती आलेल्याला आहे तिथेच उभं करायची. एकदा निवडणुकीचे लोक हात जोडत आले होते, तेही तिच्या अंगणात तसेच उन्हात उभे राहिले म्हणे. नवख्याला वाटायचं, घरातला कर्ता पुरुष जेवतोय. तो वाकून बघायचा, तर ताटात तोंड घालून एक कुत्रा जेवत असायचा.

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील, कुत्र्याला पोटच्या पोरासारखं वागवणारी. आपण त्यांना हसतो, त्यांच्या घरचा चहा पितो आणि विसरून जातो. हिला मात्र मी विसरू शकलेलो नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. सांगलीकडचा. मूल नावाच्या गावी बदली झाली तेव्हा आमच्या घरच्यांनी मला वाघाच्या तोंडी देत असल्यासारखा निरोप दिला होता. प्रत्यक्षात वाघ राहिला बाजूला, मला छळलं ते धानाच्या गिरण्यांच्या भुशाने आणि उन्हाने. दवाखान्यात येणार गाई, म्हशी, शेळ्या, पोळ्याच्या आधी बैल. कुत्रं घेऊन येणारा माणूस विरळा. आलाच तर सोबत दुसरं काही काम असायचं, आणि कुत्रं मागाहून, ओशाळल्यासारखं दाखवलं जायचं.

ती आली ती फक्त कुत्र्यासाठी. गडचिरोलीच्या रस्त्याने जाऊन थोडं आत, तलावाच्या काठी तिचं गाव. तिथून काळी-पिवळी जीपमधून कुत्र्याला मांडीवर घेऊन आली होती. गाडीतले बाकीचे लोक वासाने कावले होते, ड्रायव्हर दवाखान्याच्या फाटकापर्यंत कुरकुरत आला. तिच्यावर त्याचा काही परिणाम झालेला दिसला नाही.

कुत्र्याचं नाव भुऱ्या. पण भुरा म्हणावा असा केस त्याच्या अंगावर फार थोडा उरला होता. पोट, काखा, मांड्यांच्या आतली बाजू लालबुंद. कान आतून सुजून जाड झालेले. पंजे चाटून चाटून तांबूस पडलेले. उभ्या उभ्या तो खाजवायचा, खाजवता खाजवता तोल जाऊन पडायचा, आणि पडल्या पडल्या पुन्हा खाजवायचा. टेबलावर ठेवला तर त्याने माझा हात चाटला आणि लगेच स्वतःचा पाय चावायला घेतला.

“किती दिवसांपासून?”

“लय दिस झाले जी. खरूज म्हणतेत सारे. करंजीचं तेल लावलं, गंधक लावला, कोनी म्हणे गाडीचं जळलेलं ऑइल लाव, तेबी लावलं. अन् तो चाटून घेते.”

जळक्या ऑइलवरून मी तिला बरंच बोललो. ती खाली मान घालून ऐकत होती. माझं बोलून संपल्यावर म्हणाली, “चुकलं. आता तुमी सांगा.” एवढ्या लवकर कुणी चूक कबूल केली की डॉक्टरचं उरलेलं भाषण वाया जातं.

मी कातडं खरवडून पाहिलं. खरजेचा किडा सापडला नाही. तरी इंजेक्शन दिलं, खाज थांबवायच्या गोळ्या दिल्या. आठ-दहा दिवस त्याला आराम पडला आणि पुन्हा मूळपदावर. मग आणखी एक फेरी. पाय चावू नये म्हणून गळ्यात घालायची टोपी मिळत नव्हती, तेव्हा तिने प्लास्टिकच्या बादलीचं बूड कापून ती बादलीच त्याच्या गळ्यात अडकवली. भुऱ्या बादली घेऊन गावभर हिंडला. तो दारांना धडकायचा, पोट्टे मागे मागे पळायचे. “बादली दाखवत फिरते, आमच्या घरी नळ आला म्हणते साऱ्याले,” असं ती सांगायची आणि तोंडावर पदर धरून हसायची. तिचं हसणं मी पाहिलं ते त्याच दिवसांत.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला मला शंका आली. खाज बारा महिने, कान आणि पंजे आधी, औषध थांबलं की लगेच परत. मी विचारलं, “हा खातो काय?”

“माहा पोट्टा खाते तेच.”

“मुलगा काय खातो?”

“अंडे. लहानपनापासून त्याले अंड्याशिवाय घास जात नाई. भाजी नाईतं आमलेट.”

“मग पुढच्या वेळी मुलालाच पाठवा. त्याला नीट समजावून सांगतो.”

ती टेबलावर गळलेले भुऱ्याचे केस टिपत राहिली. आमचे परिचर बैलाची दोरी धरून दारात उभे होते, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं बोलणं गिळलं. ती गेल्यावर त्यांनी सांगितलं, “साहेब, पोरगा जाऊन दोन वर्सं झाली तिचा.”

मुलगा मूलहून एटापल्लीकडे किराणा मालाची गाडी न्यायचा. तिकडच्याच एका पाड्यावर कुण्या म्हातारीने त्याला हे पिल्लू दिलं. शर्टात घालून त्याने ते आईकडे आणलं होतं. पुढे एका संध्याकाळी मोटरसायकलवरून घरी येताना जंगलाच्या रस्त्यात रानडुक्कर आडवं आलं. गावापासून फार लांबही नव्हता तो.

माणूस गेला की त्याच्या नावाने घास काढायचा, हे तुम्हा-आम्हाला नवं नाही. दिवस होईपर्यंत काढतात, काही घरांत वर्षभर. घास बाहेर ठेवायचा, कावळ्याने, कुत्र्याने, कुणी तरी तो खायचा. हिने पहिल्या दिवसापासून पानावर घास ठेवलाच नाही. त्याचंच ताट मांडलं, त्याच्याच आवडीचं वाढलं, आणि त्याच्याच कुत्र्याला जेवू घातलं. वर्ष झालं तेव्हा भावकीने सांगितलं, आता ताट उचलून ठेव. तिने ठेवलं नाही. लोकांनीही मग नाद सोडला आणि तिच्या अंगणात निमूट उभं राहायची सवय करून घेतली.

पुढच्या खेपेला मी तिला जमेल तितकं सोपं करून सांगितलं. एखाद्या माणसाला एखादी वस्तू सोसत नाही, तसं भुऱ्याला बहुतेक अंडं सोसत नाही. खात्री करायची तर दोन महिने त्याने आजवर कधीच न खाल्लेलं काही तरी द्यायचं, आणि तेवढंच द्यायचं. बाकी कुणाच्या हातचा तुकडाही नाही.

“त्यानं खाल्लं नाई असं काय आहे?” ती विचारात पडली. कोंबडी झाली होती, मटण झालं होतं, दूध, पोळी, डाळ, सगळं झालं होतं.

“मासोळी?” मी विचारलं. दारासमोर तलाव असलेलं गाव. मला वाटलं, ती हसेल.

ती हसली नाही. मुलगा चार-पाच वर्षांचा असताना त्याच्या घशात काटा अडकला होता. जीव जाता जाता वाचला. त्यानंतर त्याला मासोळीचा वाससुद्धा सहन होईना, आणि त्या घरात मासोळी शिजणं बंद झालं ते कायमचं.

“त्याच्या ताटात मासोळी कसी वाढू जी मी?”

“त्याचं ताट वेगळं मांडा. भुऱ्याला वेगळ्या भांड्यात द्या.”

“मंग त्याचं कोन खाईन?”

“कावळे खातील.”

“कावळा कोनाचबी खाते,” ती म्हणाली. “भुऱ्या त्याचा आहे.”

शेवटी भुऱ्यानेच निकाल लावला. टेबलावर बसल्या बसल्या त्याने कान असा खाजवला की रक्ताचे थेंब तिच्या लुगड्यावर उडाले. ती म्हणाली, “देतो मासोळी.”

तलावावरच्या ढिवरांकडून ती बारकी मासोळी आणायची. मिठाशिवाय, तिखटाशिवाय नुसती उकडायची आणि भातात कालवायची. काटे काढायचं काम तासभर चाले. एकेक घास ती अंगठा आणि दोन बोटांत दाबून पाही, मग पुढे सरकवी. त्या घरात काट्याने एकदा काय केलं होतं ते ती विसरलेली नव्हती. टोल्यावर, तिच्या वस्तीत, घरोघर जाऊन तिने बजावलं होतं, “माह्या भुऱ्याले काई टाकजा नोका. पथ्य सुरू आहे त्याचं.” लग्नाच्या पंगती असल्या की त्याला दिवसभर घरात कोंडायची आणि स्वतःही पंगतीला जायची नाही.

एवढं करूनही महिनाभरात म्हणावा तसा फरक पडला नाही. पोटाची लाली थोडी उतरली, पण कान तसेच. मला माझ्याच तर्काची शंका यायला लागली. अशात एका दुपारी शेळ्यांचं लसीकरण आटोपून परतताना मी तिच्या गावावरून आलो, म्हटलं बघून जाऊ. अंगणात पाऊल टाकलं आणि आतून आवाज आला, “थांबा जी, त्याचं होऊ द्या.”

मी थांबलो नाही. सरळ ओसरीवर चढलो. पितळी ताटात भात होता, भातावर अंड्याचा जेमतेम एक घास, आणि भुऱ्या तो चाटून पुसून खात होता.

“बाई, हे काय?”

“आज त्याचा वार आहे जी. बुधवारी गेला तो. बाकी दिस नाई देत मी, तुमची आन. फक्त बुधवारी. अन् एकच घास.”

“एका घासानेही होतं.”

तिने ताट हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. “एका घासानं माह्या पोट्ट्याचं पोट भरत नाई,” ती म्हणाली, “अन् एका घासानं याचं आंग जळते?”

ताट पाहून मी चिडलो होतो, पण माझा राग तिथेच विरला. खोलीत मुलाची बाज अजून तशीच होती, वर चादर अंथरलेली. भुऱ्या खाऊन झाल्यावर तिकडे गेला आणि बाजेच्या काठाला अंग घासायला लागला. काठाचा सुंभ एका जागी काळपट पडून खरखरीत झाला होता. “रोज धुतो मी ते,” ती म्हणाली. “रगत निंघते त्याचं. त्याच्याच बाजीवर.” पथ्याचा उपदेश मी तसाच परत घेऊन आलो.

दोन आठवड्यांनी ती दवाखान्यात आली. सोबत कुत्रं नव्हतं. शेळ्यांची गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिली आणि मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “बंद केलं जी.”

बुधवारी सकाळी तिने ताट वाढलं होतं. नेहमीसारखं, अंड्याची भाजी, भात, पोळी. भुऱ्याला घरात कोंडलं आणि ताट पदराखाली झाकून तलावावर नेलं. पाण्यात उतरून सगळं सोडून दिलं. ताट तिथेच घासलं.

“मी त्याले सांगतलं जी. म्हनलं, बापू, तुह्या कुत्र्याले लय तरास होऊन राह्यला. तुह्या घासानं होऊन राह्यला. आता तुह्यं तू पाहाय. मले काई तुह्यापाशी पोचता येत नाई.”

ती हे रडत सांगत नव्हती. तिला माझ्याकडून काही ऐकायचं होतं, असं मला वाटलं. बरं केलंत म्हणावं, की वाईट झालं म्हणावं, मला कळेना. मला फार वाईट वाटलं होतं, तेच मी तिला म्हणालो. ती मान हलवून निघून गेली.

त्यानंतर भुऱ्या सुधारला. आधी खाज कमी झाली, मग कानांची सूज उतरली. पावसाळा संपेपर्यंत पोटावर मऊ लव आली आणि धान कापणीच्या सुमारास तो पुन्हा आपल्या नावाचा झाला. आमच्या पुस्तकात लिहिलंय, अशा वेळी तीच वस्तू पुन्हा खाऊ घालून बघावी, खाज परत आली म्हणजे निदान पक्कं. मी तसं बोलून गेलो. ती म्हणाली, “नाई. दुसऱ्यांदा नाई होत मले.” माझं निदान कच्चंच राहिलं, आणि मी ते राहू दिलं.

मी त्या बाजूला गेलो की आता तिच्याकडे टेकायचो. अंगणात उभं राहावं लागायचं नाही. पितळी ताट फळीवर उभं करून ठेवलेलं दिसायचं. तिचं बोलणं कमी झालं होतं. पूर्वी ती मुलाबद्दल ‘खाते’, ‘म्हनते’ असं बोलायची, आता ‘खाये’, ‘म्हने’, म्हणजे खायचा, म्हणायचा, असं बोलायला लागली होती. हे तिच्या लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण दर वेळी ऐकताना मला आत कुठे तरी लागायचं.

एकदा ती चहा ठेवता ठेवता एकदम म्हणाली, “साहेब, एक सांगू? कोनाले सांगजा नोका.”

“सांगा.”

“मासोळी मीबी खाऊन राह्यली. एकटीसाठी दुसरं काय रांधाव? त्याच्याच गंजातली घेतो.” ती खाली, चुलीशेजारच्या त्या पातेल्याकडे बघत होती. “माहं माहेर वैनगंगेच्या काठचं. लहानपनी मासोळीशिवाय जेवलीच नाई मी. मंग पोट्ट्याले काटा लागला, तवा सोडली. पंचवीस-तीस वर्सं नाव नाई घेतलं. अन् पयल्या दिवशी भुऱ्यासाठी उकडली, पाहाव म्हून जराशी तोंडात टाकली.” तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “मले गोड लागली जी. पोट्टा मेला माहा, अन् मले गोड लागली. लय लाज वाटली.”

मी तिला सांगितलं, यात लाज कसली. माझा आवाज मलाच पोकळ वाटला. मग काही तरी बोलायचं म्हणून म्हणालो, “निदान तुमच्या वाट्याला मीठ तरी टाकून घेत जा. पथ्य भुऱ्याचं आहे, तुमचं नाही.”

ती जे बोलली ते मी पुढे सांगणारच आहे.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. तेंदूपत्त्याचे दिवस होते, बायकांबरोबर पहाटे पानं तोडायला गेली, दुपारी परत आली, डोकं दुखतं म्हणून पडली ती उठली नाही. ऊन लागलं, असं लोक म्हणाले. निरोप आमच्या परिचरांनीच आणला. दहाव्याला आम्ही दोघं गेलो.

अंगणात मांडव होता. भुऱ्या मागच्या आंब्याला बांधलेला. तिची लेक ब्रह्मपुरीला दिलेली, तीच सगळं करत होती. पळसाच्या पत्रावळीवर वडे, भात आणि मधोमध अंड्याची भाजी वाढून तिने बाहेर आणली.

“आईले अंडे लय आवडे,” ती सगळ्यांना सांगत होती. “मी कवाबी येवो, घरी अंड्याचीच भाजी.” बायका माना हलवत होत्या. घास ठेवला की भुऱ्याला सोडा, असं कुणी तरी म्हणालं.

“ताई, भुऱ्याला अंडं चालत नाही,” मी म्हणालो. आणि न राहवून पुढचंही बोललो. “आणि आईंना मासोळी आवडायची.”

लेकीने माझ्याकडे पाहिलं. “आई मासोळी खाये?”

मी सांगितलं. माहेरची वैनगंगा, काटा, भुऱ्याचा गंज. ती पत्रावळ हातात घेऊन ऐकत राहिली. तिचा काका म्हणाला, वेळ चाललाय. तिने पत्रावळ खाली ठेवली, अंड्याची भाजी वाटीत काढून घेतली आणि नात्यातल्या एका पोराला ढिवरांकडे पाठवलं. तलाव आटत आला होता, मासोळी लगेच मिळाली. काका रागाने मांडवाबाहेर जाऊन बसला.

चुलीशी बसून तिने मला विचारलं, “कसी करे ती?”

“नुसती उकडून. मीठ न घालता.”

“स्वतासाठीबी?”

“एकाच गंजातली घ्यायच्या.”

तिने मिठाचा डबा उघडला होता. मूठभर मीठ हातात तसंच राहिलं. “भुऱ्याचं समजते जी. पन तिले काय झालं होतं? आपल्यापुरतं मीठ काऊन नाई टाकलं तिनं?”

“मी टाकायला सांगितलं होतं त्यांना.”

“काय म्हने?”

“म्हणाल्या, मीठ टाकलं तं मंग माह्यासाठी केल्यावाणी होते.”

लेकीने मान वळवली. पाणी उकळायला लागलं होतं. थोड्या वेळाने तिने भुऱ्याचा वाटा दुसऱ्या भांड्यात काढून ठेवला, आणि हातातलं मीठ चुलीवरच्या गंजात टाकलं.